चौथ्या आणि पाचव्या मजल्यामधली मैफल

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे, कारण गुडघे आता खऱ्या साष्टांगाला तयार नाहीत. लोकांना वाटतं, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आयुष्यभर लिफ्टनेच फिरत असेल. तुम्ही तीस वर्षं लिफ्टचे निरीक्षक होतात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आम्हाला बोलावतात तेव्हा लिफ्ट बंद असते.)

तुमचा रक्तदाब आणि ताईची पाठ, दोन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. ताईने पाठवलेला कमरेचा पट्टा पोचला. फार छान आहे. तो बांधला की वाकता येत नाही आणि वाकलो की तो सुटतो, म्हणून कामावर जाताना मी तो पिशवीत घालून नेतो. त्यानेही बराच आराम पडतो असं तिला सांगा. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. तुमच्या भाच्याने नोकरी बदलली, सूनबाईने पडदे बदलले, आम्ही दोघं होतो तसेच आहोत.

तुमचं गेलं पत्र मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही इस्त्री करत होती. त्यात तुम्ही आयुष्यात प्रत्यक्ष ऐकलेल्या सर्वोत्तम सात मैफली उतरवून पाठवल्या आहेत, प्रत्येकीपुढे गुण दिलेले: आवाज दहापैकी, साथ दहापैकी, बैठक दहापैकी, श्रोत्यांची शिस्त दहापैकी. (मैफल कधी शंभर टक्क्यांनी पास झाली नाही, हे बघून मला जुने दिवस आठवले. पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हासुद्धा तुम्ही आधी इमारतीच्या लिफ्टला नापास केलंत आणि मग जिन्याने वर येऊन ताईची चौकशी केलीत.) पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘तुम्हा उभयतांची अशी एखादी आठवण असल्यास कळवावे, नसल्यास राहू द्यावे.’ हे ‘नसल्यास राहू द्यावे’ हिने मला दोनदा वाचायला लावलं. नंतर दहा मिनिटं ती एकाच बाहीवर इस्त्री फिरवत होती.

तर दाजी, आहे. आम्हा उभयतांची एक आठवण आहे, आणि ती नऊच दिवसांपूर्वीची आहे. वही काढा.

पण आधी मागचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर गुण देताना तुमची चूक होईल. तुम्हाला माहीतच आहे की ही बाईंची भक्त आहे. (बाई म्हणजे कोण हे विचारू नका. गाण्यातल्या बाई म्हटलं की एकच.) रेडिओवर दुपारी चारला बाईंचं गाणं लागलं की आमच्या घरात कुकरसुद्धा शिट्टी द्यायला कचरतो. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. त्या छत्तीस वर्षांत बाईंचं गाणं हिने रेडिओवर ऐकलं, टेपवर ऐकलं, शेजारच्यांच्या भिंतीतून ऐकलं. समोर बसून मात्र एकदाही नाही. आणि याचं कारण मी आहे. हे मी कबूल करतो. हिने कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

पहिल्यांदा लग्नाला चार महिने झाले होते. मी कामावरून तसाच हत्यारांची पिशवी घेऊन थिएटरात गेलो, तिसऱ्या रांगेत हिच्याशेजारी बसलो. पडदा उघडायच्या आधी मॅनेजर वाकून वाकून रांगांमधून आला, पिशवीकडे बघितलं आणि माझ्या कानात म्हणाला, लिफ्टमध्ये दोन माणसं अडकलीत हो. मी हिला सांगितलं, दहा मिनिटांत येतो. मी तेव्हा शिकाऊ होतो, दोन तास लागले. पडदा उघडायच्या आतच ही मला शोधायला बाहेर आली आणि दारावरच्या माणसाने परत आत सोडलं नाही, कारण दोन्ही तिकिटं माझ्या खिशात. ती बाहेर स्टुलावर बसून राहिली. टाळ्या मात्र तिने सगळ्या ऐकल्या. कशाला पडल्या ते कळलं नाही.

दुसऱ्यांदा मैदानात कार्यक्रम होता. त्या वेळी मी पिशवी घरी ठेवली होती आणि तिकीट हिच्या पर्समध्ये दिलं होतं. बाई येऊन बसल्या, सूर लागतोय एवढ्यात माझी नजर वर गेली. दिव्यांचा अख्खा सांगाडा ज्या दोरावर टांगला होता तो दोर कप्पीपाशी पिंजला होता. बरोबर बाईंच्या डोक्यावर. मी उठून ओरडलो. कार्यक्रम थांबला, बाईंना उतरवलं, सांगाडा खाली घेतला, दोर बदलला. तोवर बाईंची गाडी सुटायची वेळ झाली आणि त्या निघून गेल्या. दीड हजार माणसं माझ्याकडे बघत होती, आणि ही आपल्या चपलांकडे. (तुम्ही तेव्हा पत्राने माझं अभिनंदन केलं होतंत. ते पत्र अजून जपून ठेवलंय. त्यावर हिची सही घ्यायला मात्र धजलो नाही.)

तिसरी खेप सात वर्षांपूर्वीची, आणि ती आठवली की अजून कानशिलं तापतात. बंद सभागृह, फोन बंद, पिशवी नाही, डोक्यावर दोर नाही. बाईंनी पहिलंच गाणं सुरू केलं, सगळे श्वास रोखून, आणि मला कुठूनतरी किर्र असा आवाज यायला लागला. हवा खेळवायच्या पंख्याचं बेअरिंग. दाजी, तुम्हीही यंत्रातला माणूस आहात, एकदा ऐकू आलं की दुसरं काही ऐकू येत नाही. मी हिच्याकडे वाकून हळूच म्हणालो, “बेअरिंग गेलंय.” मला वाटलं हळूच. तीस वर्षं मोटारींच्या शेजारी उभं राहून बोलणाऱ्या माणसाचं हळूच. बाई थांबल्या, त्यांनी आमच्या रांगेकडे बघितलं, आणि ही उठून बाहेर गेली. घरी जाताना ही एवढंच म्हणाली, “तुमचं काही चुकलं नाही. बेअरिंग गेलंच असेल.” यापेक्षा ताटं आपटली असती तर झोप लागली असती.

यानंतर मी हिला शब्द दिला होता की बाईंचं गाणं समोर बसून ऐकवीन. सात वर्षांत बाई आमच्या गावाकडे फिरकल्या नाहीत. आणि महिन्यापूर्वी पेपरात आलं, की बाई आता जाहीर गाणं थांबवताहेत, निरोपाचे चार कार्यक्रम करणार आहेत आणि त्यातला शेवटचा आमच्या गावात आहे. म्हणजे आता हुकलं की कायमचं हुकलं. तो पेपर हिने घडी घालून उशीखाली ठेवला.

कार्यक्रम कुठे, तर त्या सहा मजली जुन्या इमारतीत, जिची लिफ्ट मी बावीस वर्षं सांभाळतो आहे. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही ती दोनदा नापास केली आहे. चारही बाजूंनी जाळी, जाळीचंच सरकतं दार, आणि भोवती गोल फिरत जाणारा जिना. तळमजल्यावर पत्रपेट्या, दुसऱ्यावर शिंपी, तिसऱ्यावर दातांचे डॉक्टर, चौथ्यावर टायपिंगचा क्लास, सहाव्यावर सभागृह, आणि त्याच्या वर गच्चीत आमची मशीनची खोली. तिकिटं एका सकाळीत संपली. पण सभागृहाच्या सेक्रेटरींना मी म्हणालो, त्या दिवशी चारशे माणसं वर न्यायची आहेत, मी सकाळपासून लिफ्टपाशी थांबतो, मला फक्त दोन खुर्च्या द्या. त्यांनी दिल्या. (या सेक्रेटरींना पाठीमागे सगळे ‘प्रास्ताविक’ म्हणतात. कुठल्याही कार्यक्रमाआधी ते प्रास्ताविक करतात, आणि पाहुणा दमून बसला की मग कार्यक्रम होतो. एकदा एका वक्त्याने त्यांचं प्रास्ताविक संपल्यावर उठून फक्त आभार मानले होते.)

त्या दिवशी मी सकाळी आठपासून लिफ्टच्या मागे लागलो. तेल, ब्रेक, दोर, दारांचे संपर्क, सगळं हाताने तपासलं. इतकी गुणी लिफ्ट गेल्या बावीस वर्षांत झाली नव्हती. साडेपाचला ही आली, ठेवणीतले कपडे, हातात नवा रुमाल. आणि प्रास्ताविक जिन्यात भेटून मला म्हणाले, “अहो, एक घोळ झालाय. तुमच्या त्या दोन खुर्च्यांवर आमचे दोन साडू बसलेत. त्यांना कसं उठवणार? तुम्ही काय, घरचेच. जिन्यात उभं राहून ऐका.” मग त्यांनाच आठवलं की जिन्यात उभं राहू नये अशी पाटी आहे. ती पाटी तुम्ही लावायला लावली होती, दाजी. मी तुम्हाला दोष देत नाही. फक्त पाटी अजून शाबूत आहे हे कळवतो.

मी खाली येऊन हिला सांगितलं. ही पत्रपेट्यांपाशी भिंतीला टेकली आणि म्हणाली, “तुम्ही वर जा, तुमचं मशीन बघा. बाई येताना दिसतील तेवढं बघते. मी आहे इथे.” मी वर गेलो. सात जिने चढलो, कारण लिफ्टमध्ये साडूंची मुलं वरखाली करत होती. मशीनच्या खोलीत बसून मी ठरवलं की आता निवृत्त व्हायचं. मग ठरवलं की आधी प्रास्ताविकांच्या साडूंना लिफ्टमध्ये कोंडायचं आणि मग निवृत्त व्हायचं.

सव्वासहाला बाई आल्या. प्रास्ताविक त्यांना घ्यायला खाली गेले होते, छातीशी त्यांच्याच रुंदीचा फुलांचा गुच्छ. बाई, त्यांचे व्हायोलिनवाले आणि प्रास्ताविक असे तिघं लिफ्टमध्ये शिरले, दार लागलं, गाडी निघाली. मला वर ऐकू येतं ना सगळं. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा, चौथा, आणि चौथ्या-पाचव्याच्या मधे गाडी खटकन थांबली.

सकाळपासून ज्या लिफ्टची मी आई झालो होतो ती बाईंना घेऊन लटकली. मी धावत चौथ्या मजल्यावर आलो. तिथून बघितलं तर लिफ्टची जमीन माझ्या छातीच्या उंचीवर. जाळीतून बाईंच्या साध्या काळ्या चपला दिसल्या, व्हायोलिनची पेटी दिसली आणि प्रास्ताविकांचे चकचकीत बूट दिसले. आत दिवा आणि पंखा सुरू होता (ते वेगळ्या लाइनवर घ्यायला तुम्हीच लावलं होतंत, तुमचे उपकार). लिफ्टमनचं जुनं स्टूल होतं, त्यावर बाई बसल्या होत्या. मी विचारलं, बाई, त्रास होत नाही ना? त्या म्हणाल्या, “मला काही होत नाही. वारा आहे, बसायला आहे. तुम्ही सावकाश करा. फक्त यांना बोलू नका म्हणावं.” कारण प्रास्ताविकांनी तेवढ्यात खिशातून कागद काढला होता. त्यांचं म्हणणं, वेळ आहे तर प्रास्ताविक इथेच उरकून घेऊ, म्हणजे वर गेल्यावर घोळ नको. आणि त्यांनी खरंच सुरुवात केली, “गाणं म्हणजे काय?”

दाजी, या प्रश्नाचं उत्तर बाईंनी गाऊन दिलं. प्रास्ताविकांचं दुसरं वाक्य तोंडातच राहिलं. बाईंनी स्टुलावर बसल्या बसल्या डोळे मिटले आणि सूर लावला, आणि तो सूर त्या जाळीतून वर गेला, खाली गेला, सगळ्या मजल्यांवर एकदम पोचला. व्हायोलिनवाल्यांनी धांदलीने पेटी उघडली. आत जागा एवढीच, की कोपर बाहेर काढलं तर प्रास्ताविकांच्या बरगडीत जायचं. त्यांनी पहिले दोन सूर गजाच्या टोकावर, वीतभर हात हलवून काढले. तिसऱ्या सुराला मात्र कोपर बाहेर काढलं. प्रास्ताविक गुच्छासकट कोपऱ्यात सरकले ते शेवटपर्यंत तिथेच राहिले.

वर चारशे माणसं खुर्च्यांवर बसून पडद्याकडे बघत होती. गाणं मागून, दाराबाहेरून येतंय हे त्यांच्या लक्षात यायला मिनिटभर लागलं. मग एक उठला, दोन उठले, आणि सगळं सभागृह जिन्यात उतरलं. सहाव्यापासून तिसऱ्यापर्यंत पायरी दिसेना. शिंप्याने शिलाई थांबवली आणि टेप गळ्यात तसाच घेऊन दारात आला. दातांच्या डॉक्टरांकडचा एक माणूस अर्ध्या गालाने हसत उभा होता, उरलेला अर्धा बधिर होता. कुणाला तिकीट विचारायला कुणी नव्हतं. जिन्यात उभं राहू नये ही पाटी एका गृहस्थांनी पाठीने झाकली होती. (त्यांचं वर्णन मी देऊ शकत नाही.)

मी हिला आणायला खाली पळालो. तिसऱ्या मजल्यावरच ही वर येताना भेटली, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत. दम लागलेला नाही, केस जागच्या जागी. मी हात धरला आणि “बाजूला व्हा, दुरुस्तीचं काम आहे” असं ओरडत तिला गर्दीतून वर काढलं. लोकांनी मान दिला, वाट दिली. एकाने हिच्या हातातल्या रुमालाकडे बघून विचारलं, या पण मेकॅनिक का? ही म्हणाली, “मुख्य.”

मशीनच्या खोलीत मी आधी मेन स्विच खाली केला. हिला हत्यारांची पेटी उलटी करून बसायला दिली. तुम्ही ती खोली तपासली आहे, तुम्हाला माहीत आहे, की जमिनीत दोर जायला भोकं असतात. त्या भोकांतून खालचं गाणं वर येत होतं. वर येत होतं म्हणजे काय सांगू, खालच्या चारशे जणांना जाळीतून फुटून फुटून मिळत होतं ते इथे विहिरीतून बादली भरून यावी तसं सबंध येत होतं. बाईंनी श्वास घेतलेला ऐकू यायचा. व्हायोलिनवाले मधेच हळू आवाजात “वा” म्हणायचे तेसुद्धा. मी सवयीने पान्हा उचलला तर ही म्हणाली, “तो खाली ठेवा. आवाज न करता.” मी ठेवला.

मग मी हिला दोराला तळहात लावायला सांगितलं. (मेन स्विच बंद होता, दाजी, त्याला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात होती. सगळं नियमाने.) बाई वरच्या सुराला गेल्या की दोर थरथरायचा. अगदी बारीक. हिने हात लावला आणि माझ्याकडे बघितलं, छत्तीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं तसं. आणि मीही त्या दिवशी गाणं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा. मी जिथे जिथे बसलो तिथे शेजारी काहीतरी फिरत होतं, घासत होतं, तापत होतं, आणि माझा एक कान तिकडे होता. त्या दिवशी माझ्याशेजारचं मशीन बंद होतं. बंद मशीनच्या शेजारी बसल्यावर दोन्ही कान मोकळे असतात, हे मला एकसष्टाव्या वर्षी समजलं. तुमच्या वहीत याला रकाना नाही. एक आखून घ्या.

बाई पाच गाणी गायल्या. पाचव्यानंतर बाईंचाच आवाज आला, “आता उतरवा बरं का, पाय आखडले.” मी खाली गेलो, बिघाड दूर केला, वर येऊन मेन स्विच लावला आणि गाडी अलगद सहाव्याला नेली, एखादं झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तशी. दार उघडलं तेव्हा सगळा जिना उभा होता. टाळ्या अशा पडल्या की तिसऱ्या मजल्यावरच्या बधिर गालाच्या माणसालाही म्हणे जाणवल्या. बाई रिकाम्या सभागृहाकडे बघून म्हणाल्या, “आता आत कशाला? कार्यक्रम झाला की.” प्रास्ताविक तरीही माइकपर्यंत गेले. त्यांच्या दोन्ही साडूंनी त्यांचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. ते खुर्च्या जातील म्हणून पूर्णवेळ आत बसून राहिले होते, आणि सबंध गावात गाणं नीट ऐकलं नाही असे तेवढे दोघंच निघाले.

निघताना बाईंनी मेकॅनिक कोण ते विचारलं. मी हिला पुढे केलं. छत्तीस वर्षं हिने बाईंना काय काय सांगायचं ठरवलं होतं ते मला पाठ आहे. भांडी घासताना ती रंगीत तालीम करायची. त्यातलं एक अक्षर निघालं नाही. बाईंनीच विचारलं, तुम्ही कुठे बसला होतात? ही म्हणाली, “तुमच्या डोक्यावर.” बाई इतक्या हसल्या, की व्हायोलिनवाल्यांनी त्यांना हात दिला. मग त्यांनी हिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “मग तुम्हीच सगळ्यात जवळ होतात.”

तर दाजी, ही आमची आठवण. आवाज दहा, साथ दहा (कोपराला जागा नसताना), बैठक लोखंडी पेटीवर असल्यामुळे तुम्ही चार द्याल, पण हिचा आग्रह अकराचा आहे. तुमच्या सातही मैफली उत्तम असतील, त्यांना मी हात लावत नाही. फक्त वहीत आमची घालायची झाल्यास वरच्या बाजूला जागा करावी. ताईला नमस्कार. पट्ट्याबद्दल पुन्हा आभार.

आपला आज्ञाधारक मेहुणा
(आजवर नापास, सध्या पास)

ता. क. एक छोटंसं काम होतं, पत्राच्या ओघात राहून गेलं. प्रास्ताविकांनी मला नोटीस दिली आहे. त्यांचं प्रास्ताविक हुकलं याचं दुःख त्यांना आहे हे मी समजू शकतो. त्यांनी विचारलंय, की लिफ्ट सुरू करायला एक तास दहा मिनिटं का लागली याचा लेखी खुलासा सोमवारपर्यंत द्यावा, नाहीतर लिफ्टचं काम दुसऱ्याकडे देऊ. बावीस वर्षं सांभाळलेली लिफ्ट आहे, दाजी. तुम्ही निवृत्त निरीक्षक म्हणून दोन ओळी लिहून सही केलीत, की अशा प्रकारच्या बिघाडाला साधारण एवढा वेळ लागतोच, तर प्रश्न मिटेल. मजकूर सोबत जोडला आहे. तुम्हाला फक्त सही करायची आहे.

ता. क. दुसरा. बिघाड कुठला ते कळल्याशिवाय तुम्ही सही करणार नाही, हे मला पत्र लिहायला बसलो तेव्हाच माहीत होतं. म्हणून सांगतो. गुच्छाचा एक जाड देठ जाळीच्या दारात अडकला होता. दार बोटभर उघडं राहिलं, हादऱ्याने दाराचा विजेचा संपर्क सुटला, गाडी थांबली. चौथ्या मजल्यावरून मला तो पहिल्या मिनिटाला दिसला. दुरुस्ती म्हणजे एकच वाक्य होतं, ‘सेक्रेटरीसाहेब, गुच्छ आत ओढा.’ मी ते बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात बाईंनी सूर लावला. मग गाणाऱ्याला मधे थांबवायचं नाही असं मी सात वर्षांपूर्वी शिकलो होतो. पाच गाण्यांनंतर बोललो. तुमच्याच नियमांत आहे, की प्रवासी आत असताना घाई करू नये. मी केली नाही. आता सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा.

ता. क. तिसरा. (दाजी, हे अक्षर माझं आहे. पत्र टपालात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं.) सही अवश्य करा. ह्यांना वाटतंय देठ आपोआप अडकला. खाली प्रास्ताविकांचे दोन्ही हात गुच्छात होते, व्हायोलिनवाल्यांचे पेटीत, आणि बाईंनी दार ओढणं बरं दिसलं नसतं; म्हणून जाळी मी लावून दिली. देठ मधे आला होता तो मला दिसत होता. लिफ्टवाल्याच्या घरात छत्तीस वर्षं काढली आहेत. दार किती लागलं म्हणजे गाडी निघते आणि किती लागलं म्हणजे पोचत नाही, हे रोज जेवताना ऐकते. मी बरोबर तेवढंच लावलं. कुठे थांबेल ते माझ्या हातात नव्हतं; मला दुसरा मजलासुद्धा चालला असता. यातलं ह्यांना मात्र काही कळवू नका. आपणच बायकोला गाणं ऐकवलं म्हणून हल्ली दाढी करताना शीळ घालतात, आणि सूर बरा लागतो. पाकीट मी चिकटवते आहे.